जावाच्या डोंगरमाथ्यावरचं सेंबुंगान: बटाटा, गंधक आणि घटोत्कच

रानजाई

इंडोनेशियातल्या डिएंगबद्दल मराठीत जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक एकाच साच्यातलं असतं. पहाटे तीनला उठलो, सिकुनिर टेकडीवरून सूर्योदय पाहिला, अर्जुनाच्या देवळापुढे फोटो काढले, दुपारी खाली उतरलो. ज्या गावातून ती टेकडी चढतात ते गाव त्यात कुठेच नसतं. मला त्या गावाबद्दल, सेंबुंगानबद्दल लिहायचं आहे.

आम्ही समारांगला राहतो, नवरा तिकडच्या कापडगिरणीत आहे. सलग सुट्ट्या आल्या की वोनोसोबोमार्गे वर जातो आणि सेंबुंगानमध्ये एका शेतकऱ्याच्या घरी उतरतो. घरातल्या आजींना सगळे 'म्बाह' म्हणतात, तशीच मीही.

डिएंग म्हणजे मध्य जावातलं सुमारे २,००० मीटर उंचीवरचं पठार. जुन्या ज्वालामुखींच्या खळग्यात वसलेलं. अर्धं बांजारनेगारा जिल्ह्यात, अर्धं वोनोसोबोत. सेंबुंगान त्याहूनही वर आहे, जावा बेटावरचं सर्वांत उंच गाव अशीच त्याची ओळख आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वांत उंच शिखराहूनही कितीतरी वर ही माणसं रोज चूल पेटवतात, पोरं शाळेत पाठवतात, शेतं खुरपतात.

गावाला लागून चेबोंग नावाचं तळं आहे. तळ्याच्या काठाने पत्र्याच्या छपरांची घरं एकमेकांना खेटून, कारण सपाट जागा तेवढीच. बाकी जिकडे नजर जाईल तिकडे बटाटा. उतार कितीही उभा असो, अगदी जिथे माणूस हात टेकल्याशिवाय चढणार नाही तिथेही वाफे आहेत.

भात इतक्या उंचीवर होत नाही. पूर्वी इथे मक्याचा भरडा शिजवून तोच भातासारखा खायचे, म्बाह अजूनही कधीकधी करतात. तांदूळ आता खालून येतो. घरात गेलात की बाहेरच्या खोलीत बसवत नाहीत, थेट स्वयंपाकघरात चुलीपाशी नेतात. पाहुणचाराची जागा तीच. लाकडाची चूल किंवा कोळशाची शेगडी, भोवती बुटकी बाकं, हातात तांबी मळ्याच्या चहाचा गोड पेला आणि पुढ्यात तळलेले लहान लहान बटाटे. खांद्यावरून सारोंग गुंडाळून, कानटोपी घालून घरातले सगळे तिथेच बसलेले असतात. दिवसभराचे सगळे निर्णय त्या चुलीपाशी होतात. कुणाला मजुरीला बोलवायचं, पंप कुणाचा घ्यायचा, व्यापाऱ्याला आज माल द्यायचा की थांबायचं.

हा बटाटा इथे १९८० च्या दशकात पसरला. त्याआधी मका, कोबी, तंबाखू. बटाट्याने पक्की घरं दिली, मोटरसायकली दिल्या, पुष्कळांना हजला पाठवलं. आणि त्याच बटाट्याने डोंगर उघडा केला. १९९८ च्या सत्तांतरानंतरच्या गोंधळात वरच्या राखीव जंगलातही कुऱ्हाड चालली. या दोन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच चुलीपाशी ऐकायला मिळतात. सांगणारी माणसं तीच असतात.

तुमच्यापैकी कुणी गेलं असेल, शेतीतलं, देवळांतलं कुणी असेल तर जरूर भर घाला.


पठारकर

ताई, मी सातगाव पठारावरचा, आंबेगाव तालुका. आमच्याकडे खरिपाला बटाटाच. त्यामुळे धागा अधाशासारखा वाचला. काही प्रश्न आहेत.

वर्षातून किती पिकं घेतात? जात कोणती? खत काय? आणि मुख्य म्हणजे उतारावर सरी कशी काढतात, आडवी की उभी? उभी काढत असतील तर पाऊस माती ठेवणारच नाही.


रानजाई

पठारकर दादा, तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. सरी उभी आहे. माथ्यापासून पायथ्यापर्यंत सरळ.

मी त्या घरच्या मुलाला हेच विचारलं होतं. तो वाफ्यात उतरला, सरीच्या तळाशी बोटं खुपसून माती दाखवली. काळी, भुसभुशीत, ओली. म्हणाला, आमच्याकडे ऑक्टोबर ते एप्रिल पाऊस, वर धुकं. आडव्या सरीत पाणी तुंबतं आणि बटाटा सडतो. शिवाय जोराच्या पावसात एक आडवा वरंबा फुटला की खालचे सगळे घेऊन जातो. उभ्या सरीतून पाणी निघून जातं. आणि माती? असं मी विचारल्यावर त्याने खालच्या ओढ्याकडे हात केला.

जात बहुतेक ग्रॅनोला, भाजीचा बटाटा. साधारण शंभर दिवसांत काढणीला येतो, त्यामुळे पाणी असेल तर वर्षात तीनदाही लावतात. खत म्हणजे कोंबडखत. खालच्या पोल्ट्र्यांमधून ट्रक भरभरून येतं, रस्त्याच्या कडेला गोण्यांच्या थप्प्या असतात. लावणीच्या दिवसांत गावात शिरताना आधी त्याचाच वास येतो, गंधकाचा नंतर. फवारणीही भरपूर, पावसाळ्यात तर दोन-चार दिवसांआड. करपा तिथेही आहेच.

कोरड्या महिन्यांत पाणी तळ्यातून. चेबोंग, मर्दादा, सगळ्या तळ्यांच्या काठी डिझेलचे पंप आणि डोंगरभर पाइपांचं जाळं. पाइप कुणाचा कुठून गेला हे त्या त्या घरालाच माहीत. तळ्याची पातळी खाली जाते ते सगळ्यांना दिसतं, पण आपला पाइप काढून घ्यायला कोण तयार होईल?

काढणी बघण्यासारखी असते. बायका वाकून कुदळीने उकरतात, पुरुष गोणी पाठीवर घेऊन त्या निसरड्या पायवाटेने उतरतात, पुढे मोटरसायकलवाले ती रस्त्यापर्यंत नेतात. आकाराप्रमाणे ढीग लावतात. मोठा माल व्यापारी नेतो, गोटीएवढे घरी राहतात.


पठारकर

सडण्याचं कारण पटलं. आमच्याकडेही भारी जमिनीत पाणी साचलं की हेच. पण आमचं पठार आहे, तिथला डोंगर आहे. उभी सरी आणि वर्षातून तीन पिकं म्हणजे जमिनीला श्वास घ्यायलाच उसंत नाही. फेरपालट काही करतात का? आणि जमीन स्वतःची असते की खंडाची?


बांडुंगवासी

मी जावातच, पण पश्चिमेला. थोडी वेगळी बाजू मांडतो.

डिएंगच्या शेतकऱ्याला दोष देणं शहरात बसून फार सोपं आहे. सेरायू नदीचा उगम याच पठारावर. तीच नदी खाली बांजारनेगारात म्रिचाच्या धरणाला मिळते, तिथे १९८० च्या दशकाअखेरपासून वीज तयार होते. धरण गाळाने भरत चाललं तशी सगळ्यांची नजर वरच्या बटाट्याकडे वळली. पण शहराच्या बाजारात बटाटा स्वस्त हवा, तोही बारमाही हवा, हे कोण बोलतं? ज्याच्याकडे अर्धा-पाऊण एकर उतार आहे त्याने काय करायचं? बांध घालायचा म्हटलं तर तेवढी जमीन लावणीतून जाते.

पठारकरांचा खंडाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. खंडाने घेतलेल्या जमिनीवर बांधबंदिस्तीचा खर्च कोण करील? एका हंगामात घातलेले पैसे निघाले पाहिजेत, एवढाच हिशेब असतो.


रानजाई

दोन्ही प्रकार आहेत, खंडाची जमीनही बरीच आहे. फेरपालटात कोबी, गाजर, पातीचा कांदा. पण भाव बटाट्याला, त्यामुळे पुन्हा बटाटाच.

बांडुंगवासी, शहरातल्यांनी दोष देऊ नये हे मान्य. पण उतार घसरला तर त्याखाली हीच माणसं आहेत. या पठारावर लेगेतांग नावाची वाडी होती. १९५५ च्या एप्रिलमधल्या एका रात्री शेजारचा डोंगर तुटला आणि अख्खी वाडी गाडली गेली. साडेतीनशेच्या आसपास माणसं. आता तिथे शेतात एक स्मारकस्तंभ उभा आहे, आणि भोवती बटाटा. तेव्हा बटाटा आजच्यासारखा पसरलेला नव्हता, त्यामुळे ते बटाट्याच्या माथी मारता येत नाही. पण हा डोंगर मुळातच ठिसूळ आहे हे त्यातून कळतं, आणि म्हणूनच त्यावरची झाडं तोडणं मला जास्त जिवाला लागतं.


मातीमाय

कृषीची विद्यार्थिनी आहे म्हणून एक भर. बटाट्यावर बटाटा घेण्यात आणखी एक धोका आहे, सोनेरी सूत्रकृमी. इंडोनेशियात २००३ मध्ये पूर्व जावातल्या बातू भागात ती पहिल्यांदा सापडली आणि नंतर डिएंगच्या पट्ट्यातही. मुळांवर बारीक पिवळसर मण्यांसारख्या गाठी दिसतात. आतली अंडी जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. आपल्याकडे निलगिरीत ती १९६१ पासून माहीत आहे. तिच्यावर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे त्या जमिनीत काही वर्षं बटाटाच न घेणं, आणि तेच शेतकऱ्याला परवडत नाही. बेणं आणि गोण्यांना चिकटलेल्या मातीबरोबर ती गावोगाव जाते.


शिलालेख

शेतीवर चर्चा रंगली आहे, तरी मधेच देवळांचं लिहितो, कारण शीर्षकात घटोत्कच आहे.

डिएंगची देवळं ही जावातल्या उभ्या असलेल्या दगडी हिंदू देवळांपैकी सर्वांत जुन्यांत गणली जातात. साधारण सातव्या-आठव्या शतकापासूनची, शैव. बोरोबुदूर, प्रांबानन या जावातल्या प्रसिद्ध मंदिरांच्याही आधीची परंपरा. इ.स. ८०९ चा एक शिलालेखही इथे मिळाला आहे. आज आठ देवळं उभी आहेत: अर्जुन, श्रीकांडी, पुंतादेवा, सेंबाद्रा, सेमार, गातोत्काचा, द्वारावती आणि बिमा. ही नावं बांधणाऱ्यांनी दिलेली नाहीत. देवळं ओस पडल्यावर कित्येक शतकांनी लोकांनी आपल्या वायांग बाहुल्यांच्या खेळातली पात्रं त्यांना चिकटवली. गातोत्काचा म्हणजे घटोत्कच, बिमा म्हणजे भीम, पुंतादेवा म्हणजे युधिष्ठिर, सेंबाद्रा म्हणजे सुभद्रा. श्रीकांडी म्हणजे आपला शिखंडी, पण जावात ती शूर स्त्री आहे आणि अर्जुनाची पत्नी. सेमार मात्र आपल्या महाभारतात नाहीच, तो खास जावाचा. पांडवांचा सेवक, दिसायला विदूषक, पण मुळात देव.

१८१४ मध्ये युरोपीय लोक इथे पोचले तेव्हा देवळं पाण्यात होती. १८५६ मध्ये पाणी काढून दिलं गेलं आणि पुढे छायाचित्रकार फान किन्सबर्गेन याने देवळांचे फोटो काढले.

दोन गोष्टी जवळून पाहाच. एक, अर्जुन देवळाच्या उत्तरेच्या भिंतीतून बाहेर आलेली पन्हळ. आतल्या लिंगावरच्या अभिषेकाचं पाणी तिथून बाहेर पडायचं. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या शिवालयात जशी असते तशीच, पाहून क्षणभर आपण कुठे आहोत हे विसरायला होतं. दुसरं, बिमाच्या शिखरावरचे गवाक्ष. प्रत्येकातून एकेक मानवी चेहरा बाहेर बघतो. शिखराची ठेवण थेट ओडिशाकडची वाटते. जावात दुसरीकडे असं देऊळ नाही.


रानजाई

शिलालेख, मनापासून आभार. श्रीकांडी देवळाच्या बाहेरच्या भिंतींवर विष्णू, शिव आणि ब्रह्मा कोरलेले आहेत तेही लिहायला हवं.

गावातले लोक आता मुसलमान आहेत, पाच वेळची अजान डोंगरात घुमते. पण देवळांबद्दल परकेपणा अजिबात नाही. म्बाह सांगतात की सेरायू नदी भीमाने वाहती केली. उगमाच्या झऱ्याचं नावही बिमोलुकार, तिथे जुन्या दगडी पन्हळींतून अजून पाणी पडतं. देवळांच्या पटांगणात पोरं खेळतात. आजोबांना अर्जुनाचे सगळे पराक्रम पाठ असतात.


सावली

डिएंगच्या जटा असलेल्या मुलांबद्दल वाचलं होतं. त्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. विचारायचं कारण म्हणजे मी पुण्याकडे जट सोडवण्याचं काम करते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीमुळे हा विषय बऱ्याच जणांना माहीत असेल. आपल्याकडे बाईच्या केसांत गुंता झाला की देवीची जट म्हणतात. कापली तर कोप होईल या भीतीने वर्षानुवर्षं वागवतात. मानेला ओझं, उवा, जखमा. काही मुली याच कारणाने देवाला सोडल्या गेल्या. तिकडे काय होतं?


रानजाई

सावलीताई, मी जे पाहिलं तेवढंच सांगते.

तिथे जटा लहान मुलांना येतात, मुलगा-मुलगी दोघांनाही. घरचे सांगतात की आधी खूप ताप येतो, मग केस आपोआप गुंततात. कियाई कोलोडेटे नावाच्या मूळपुरुषाशी त्याचा संबंध जोडतात, त्यालाही जटा होत्या अशी कथा आहे. अशा मुलाचे फार लाड होतात. जटा कापायच्या, पण कधी ते मूलच ठरवतं. त्या दिवशी ते जे मागेल ते द्यावंच लागतं. सायकल, शेळी, उकडलेली अंडी, काहीही. विधी होतो, केस पांढऱ्या कापडात घेतात आणि तळ्यात किंवा वाहत्या पाण्यात सोडतात. त्यानंतर येणारे केस साधे असतात, मूल बाकीच्यांसारखं वाढतं. २०१० पासून डिएंगच्या उत्सवात, बहुधा ऑगस्टमध्ये, अर्जुन देवळापाशी हा विधी सामुदायिकही होतो.

आमच्या घराच्या शेजारी अशी एक चिमुरडी आहे. आई रोज संध्याकाळी चुलीपाशी तिच्या जटांना तेल लावते, न ओढता, एकेक पेड वेगळा धरून. काय मागणार असं विचारलं की ती उत्तर बदलते, आणि आई शांतपणे ऐकून घेते. घरात पैसे बेताचे आहेत, तरी आतापासून बाजूला टाकतात.


सावली

सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. मूल देवाला सोडलं जात नाही आणि ते बालपणीच संपतं हा फरक खरोखर मोठा आहे. तरीही मागण्याआधी कापले तर आजारी पडेल, ही भीती तीच आहे जी मी घरोघरी ऐकते. ताप येणाऱ्या मुलाला दवाखान्यात नेतात का, हा माझा खरा प्रश्न. तेवढं होत असेल तर बाकीच्या विधीबद्दल माझं भांडण नाही. मुलाच्या इच्छेला एवढा मान देणारी रीत मी आपल्याकडे पाहिलेली नाही.


रानजाई

नेतात. खाली सरकारी आरोग्यकेंद्र आहे, पुस्केस्मास म्हणतात. त्या चिमुरडीलाही नेलं होतं, औषधं दिली होती. दोन्ही गोष्टी बरोबरीने चालतात.


रसायन

शाळेत विज्ञान शिकवतो. गंधकाचा उल्लेख आला म्हणून एक गंभीर गोष्ट. डिएंगमध्ये वास येणाऱ्या वायूपेक्षा वास न येणारा जास्त जीवघेणा आहे, कार्बन डायऑक्साइड. तो हवेहून जड, जमिनीच्या भेगांतून येतो आणि खोलगट जागी साठतो. वारा नसलेल्या ढगाळ पहाटे तर हलतच नाही.

२० फेब्रुवारी १९७९ ला पहाटे पठाराच्या पश्चिम भागात सिनिला विवरापाशी स्फोट झाला. कपुचुकान वाडीतले लोक घरं सोडून बातूरच्या दिशेने पळाले आणि वाटेतच त्या वायूत सापडले. सुमारे दीडशे माणसं गेली. जे स्फोटाला भिऊन पळाले तेच मेले, हे वाचून मी सुन्न झालो होतो. वर्गात वायूची घनता शिकवताना मी हे उदाहरण देतो.


रानजाई

त्या बाजूच्या शेतकऱ्यांना याची पूर्ण जाण आहे. तिंबांग विवराजवळ शेतं आहेत. धुकं दाटलं, पाऊस भरून आला की काम टाकून वर येतात, सखल वाफ्यांत थांबत नाहीत. २०११ आणि २०१३ मध्ये तिथला वायू वाढला तेव्हा लोकांना हलवावं लागलं होतं. आणि तरी परत येऊन तिथेच लावणी. ज्वालामुखीची माती कसदार, हे त्याचं एक कारण. दुसरं म्हणजे दुसरीकडे जमीनच नाही. पठारावर ६० मेगावॅटचं भूऔष्णिक वीजकेंद्रही आहे, त्याचे वाफेचे जाड नळ बटाट्याच्या शेतांतून जातात आणि बायका त्याखालून वाकून पलीकडच्या वाफ्यात जातात.


उनाड

धागा वाचून जायचं पक्कं केलं आहे. कधी जावं? बर्फासारखं दव पडतं म्हणतात ते बघायचं आहे. आणि शाकाहारी जेवण मिळेल का?


रानजाई

दव जुलै-ऑगस्टच्या कोरड्या रात्रींत पडतं. पारा शून्याखाली जातो, अर्जुन देवळापुढचं गवत पांढरं होतं. स्थानिक लोक त्याला एम्बुन उपास म्हणतात, म्हणजे विषारी दव, कारण बटाट्याचं पान त्याने दुपारपर्यंत काळं पडतं. मी ज्या घरी उतरते तिथला मुलगा अशा पहाटे अंधारात उठून सूर्य वर यायच्या आत झाडांवर पाणी मारतो. पानावरचं दव विरघळलं तर काही झाडं वाचतात. त्याच वेळी रस्त्यावरून गाड्या भरून माणसं दव बघायला जात असतात. बघा जरूर, पण फोटोसाठी शेतात पाय ठेवू नका. पांढऱ्या पडलेल्या वाफ्याचा मालक आसपासच उभा असतो.

सिकुनिरला शनिवार-रविवार टाळा. राहायला गावातलं घरच घ्या, दोन रात्री तरी. पैसे थेट घरात जातात.

जेवणात टेंपे कमुल मिळतं. टेंपेचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे काप हळदीच्या पिठात बुडवून कुरकुरीत तळलेले, गरमच खायचे. वोनोसोबोच्या प्रसिद्ध 'मी ओंगक्लोक' नूडल्सपासून मात्र जपून, त्याच्या दाट रश्शात सुकी कोळंबी असते. कारिका सोडू नका. पपईच्या कुळातलं डोंगरी फळ, मूळ दक्षिण अमेरिकेतलं. पाकात शिजवून बाटलीत भरतात, बियांभोवतीच्या गराचा वास अप्रतिम असतो. गावातल्या कितीतरी बायकांची स्वतःची कमाई कारिकाच्या बाटल्यांतूनच आहे.

पठारकर दादा, तुमच्यासाठी एक राहिलंच. तळ्याच्या वरच्या अंगाला एकाने आपल्या तुकड्यात सऱ्या आडव्या, किंचित तिरप्या काढल्या आहेत. पाणी एका कडेला निघून जाईल एवढाच ढाळ. कडेने कारिका आणि कॉफीची झाडं लावली आहेत. शेजारी सगळे लक्ष ठेवून आहेत, सडतो का ते बघायला.


पठारकर

हेच ऐकायचं होतं. तिरप्या सरीचा ढाळ किती ठेवलाय आणि पाणी जिथे सोडलंय तिथे दगड लावलेत का, तेवढं विचारून या. आणि काढणी झाली की उतारा किती पडला तेही इथे लिहा. आमची लावण जूनमध्ये आहे, मला कडेच्या दोन वाफ्यांत करून बघायचं आहे.